संगणकास शिकवितां शिकवितां बीजगणित

अंकगणितांत नेहमीं वरचे गुण मिळविणारा मुलगा बीजगणिताशीं गांठ पडतांच एकाएकीं मागें कां पडतो, हा प्रश्न बहुतेक सुशिक्षित घरांत केव्हां ना केव्हां उपस्थित होतोच. आई त्याचा दोष खेळाच्या नादावर ठेविते, वडील शिक्षकावर ठेवितात, शिक्षक घरच्या अभ्यासावर ठेवितात, आणि मुलगा बिचारा मनाशीं ठरवून टाकतो कीं, गणित कांहीं आपल्या वाट्यास आलेलें नाहीं. मुलीच्या बाबतींत तर हा निकाल तिच्या वतीनें इतर मंडळीच देऊन मोकळी होतात.

हा ग्रह दिसावयास लहान आहे. परंतु त्याचे परिणाम दूरवर पोंचतात. शास्त्र, यंत्रविद्या, अर्थशास्त्र, वैद्यकांतील संख्याशास्त्र या सर्वांच्या दारांत बीजगणित उभें आहे. तेराव्या-चौदाव्या वर्षीं जो तेथून परत फिरला, त्यास पुढें ती वाट पुन्हां सहसा लाभत नाहीं. अमेरिकेंत रॉबर्ट मोझेस या गृहस्थांनीं ही गोष्ट फार तीव्रतेनें ओळखिली होती. १९६० नंतरच्या पहिल्या वर्षांत मिसिसिपी राज्यांतील कृष्णवर्णीय नागरिकांस मतदानाचा हक्क बजावतां यावा म्हणून त्यांनीं जिवावर उदार होऊन काम केलें. आणि त्याच मोझेस यांनीं १९८२ सालीं ‘अल्जिब्रा प्रॉजेक्ट’ सुरू करून गरिबांच्या मुलांस बीजगणित शिकविण्यास वाहून घेतलें. पूर्वीं मताचा कागद ज्याच्या हातीं नाहीं तो जसा समाजाबाहेर राहत असे, तसाच आतां गणित न येणारा राहील, अशी त्यांची धारणा होती. २०२१ सालीं ते वारले. त्यांच्या दृष्टीनें पाहिलें तर बीजगणिताची नावड ही केवळ प्रगतिपुस्तकांतील तांबडी रेघ राहत नाहीं. तो न्यायाचा प्रश्न होतो.

या अडचणीवर एक उपाय गेलीं सुमारें साठ वर्षें निरनिराळ्या देशांत करून पाहिला जात आहे. तो म्हणजे मुलांस संगणकाचे प्रोग्राम लिहावयास लावून त्यांतूनच बीजगणित शिकविणें. या प्रयोगांच्या इतिहासांत उत्साहाच्या भरतीइतकीच निराशेची ओहोटीही आहे, आणि दोहोंपासून पालकांनीं घेण्यासारखा बोध आहे. म्हणून हा विषय आम्ही आज वाचकांपुढें थोड्या विस्तारानें मांडीत आहों.

अडचण कोठें आहे?

उपायाकडे वळण्यापूर्वीं दुखणें नीट पाहिलें पाहिजे. बीजगणितांत मूल अडखळतें तें मुख्यतः तीन ठिकाणीं.

पहिलें ठिकाण अक्षराचें. अंकगणितांत ५ म्हणजे पांच. त्यांत संशयास जागा नाहीं. ‘क्ष’ मात्र बहुरूपी आहे. ‘क्ष + ३ = १०’ या समीकरणांत तो लपून बसलेली एकच संख्या असतो. ‘क्ष + क्ष = २क्ष’ येथें तो वाटेल ती संख्या होऊं शकतो. आणि ‘य = २क्ष + ३’ येथें तो स्वतः बदलत जातो व आपल्याबरोबर ‘य’ला बदलावयास लावितो. एकाच अक्षराचीं हीं तीन सोंगें आहेत, हें मुलांस कोणी सांगत नाहीं. तीं पहिलेंच सोंग खरें मानून बसतात.

दुसरें ठिकाण बरोबरच्या चिन्हाचें. रॉबर्ट रेकॉर्ड या वेल्श विद्वानानें १५५७ सालीं हें चिन्ह प्रथम छापलें, तें दोन समांतर रेषांइतक्या सारख्या दुसऱ्या वस्तु जगांत नाहींत या विचारानें. म्हणजे हें चिन्ह मुळांत तराजूचें आहे. परंतु प्राथमिक शाळेंत ‘८ + ४ =’ असें लिहून पुढें उत्तर मांडण्याची संवय इतकी जडते कीं, मुलाच्या लेखीं त्या चिन्हाचा अर्थ ‘आतां उत्तर लिही’ एवढाच उरतो. ‘८ + ४ = ☐ + ५’ असा प्रश्न घालून पाहावा. चौकटींत ७ पाहिजेत. पण हुशार मुलेंसुद्धां १२ लिहितात.

तिसरें व सर्वांत अवघड ठिकाण शाब्दिक उदाहरणांचें. येथें भाषेंतून गणितांत उतरावयाचें असतें, आणि मध्यें पूल नसतो. अमेरिकेंतील मॅसॅच्युसेट्स विद्यापीठांत जॉन क्लेमेंट व त्यांच्या सहकाऱ्यांनीं एक अगदीं साधा प्रश्न इंजिनियरिंगच्या पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांस घातला. ‘या विद्यापीठांत प्राध्यापकांच्या सहापट विद्यार्थी आहेत. विद्यार्थ्यांची संख्या व आणि प्राध्यापकांची संख्या प मानून समीकरण लिहा.’ बरोबर समीकरण आहे ‘व = ६प’. परंतु एक-तृतीयांशाहून अधिक विद्यार्थी चुकले, आणि चुकलेल्यांपैकीं बहुतेकांनीं ‘६व = प’ असें उलटें लिहिलें. हीं शाळकरी मुलें नव्हतीं. भावी इंजिनियर होते. सहा विद्यार्थी व एक प्राध्यापक असें चित्र त्यांच्या डोळ्यांपुढें उभें राहिलें आणि त्यांनीं त्या चित्राचीच जणूं नक्कल कागदावर उतरविली. हा निबंध १९८१ सालीं प्रसिद्ध झाला.

त्याच्या पुढील वर्षीं याच मंडळींनीं इलियट सोलोवे यांच्या साह्यानें दुसरी गोष्ट करून पाहिली. अशाच प्रकारचा प्रश्न कांहीं विद्यार्थ्यांस समीकरणाच्या रूपांत व कांहींस संगणकाच्या प्रोग्रामच्या रूपांत लिहावयास दिला. प्रोग्राम लिहिणाऱ्यांत बरोबर उत्तर देणारे अधिक निघाले! कारण उघड आहे. समीकरण हें एक स्थिर वर्णन वाटतें. प्रोग्राम ही कृति आहे. ‘प्राध्यापक किती तें मला सांग, मी त्यास सहानें गुणून विद्यार्थी किती तें सांगतों’ असें म्हणतांना कोणाला सहानें गुणावयाचें याविषयीं घोंटाळा होण्याचा संभव कमी असतो. या लहानशा प्रयोगांत आमच्या सबंध विषयाचें बीज आहे.

एक जुनें नातें

बीजगणित आणि संगणक यांची सोयरीक नवी नाहीं. बगदाद येथें नवव्या शतकाच्या पूर्वार्धांत अल्-ख्वारिझ्मी नांवाचा पंडित होऊन गेला. त्याच्या ग्रंथाच्या नांवांतील ‘अल्-जब्र’ या पदापासून ‘अल्जिब्रा’ शब्द आला. आणि त्याच्या स्वतःच्या नांवाच्या लॅटिन उच्चारापासून ‘अल्गोरिदम’ हा शब्द आला, ज्याचा अर्थ ठराविक पायऱ्यांनीं उत्तराप्रत नेणारी रीत असा आहे व ज्यावर आजचा प्रत्येक संगणक चालतो. दोन्ही शब्दांचा जनक एकच.

आपल्याकडे पाहिलें तरी तेंच दिसतें. आर्यभटानें ४९९ सालच्या ग्रंथांत दिलेला कुट्टक ही पायरीपायरीनें करावयाची रीतच होय. आणि ब्रह्मगुप्तानें ६२८ सालच्या ‘ब्राह्मस्फुटसिद्धांता’त बीजगणिताचा जो अध्याय घातला, त्यास कुट्टकाध्याय असेंच नांव आहे. अव्यक्त राशींस नांवें देण्याची आपल्या पूर्वजांची तऱ्हा तर मोठी रसिक होती. भास्कराचार्यांच्या ‘बीजगणिता’त पहिली अव्यक्त राशि ‘यावत्तावत्’ म्हणजे ‘जितकी असेल तितकी’, आणि पुढच्या कालक, नीलक, पीतक अशा रंगांच्या नांवांच्या आहेत. चाळीसगांवजवळील पाटण येथल्या शिलालेखावरून दिसतें कीं, भास्कराचार्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठीं त्यांचा नातू चांगदेव यानें तेराव्या शतकाच्या आरंभीं तेथें मठ स्थापिला होता. ‘जितकी असेल तितकी’ या नांवांत चल राशीची जी कल्पना आहे, ती ‘क्ष’ या कोरड्या अक्षरांत हरवून जाते. संगणकाच्या वर्गांत ती कशी पुन्हां सांपडते, तें पुढें येईलच.

कांसवाची शाळा

१९६७ सालीं मॅसॅच्युसेट्समधील केंब्रिज गांवीं वॉली फॉयर्झाइग, सीमोर पॅपर्ट, सिंथिया सॉलोमन प्रभृतींनीं ‘लोगो’ नांवाची संगणकाची भाषा मुद्दाम मुलांसाठीं निर्माण केली. पॅपर्ट हे मूळचे दक्षिण आफ्रिकेंतले गणिती. बालमनाचे थोर अभ्यासक झां पियाजे यांच्यापाशीं जिनीव्हा येथें त्यांनीं कित्येक वर्षें घालविलीं होतीं. १९६८–६९ या वर्षीं लेक्सिंग्टन गांवच्या एका शाळेंत सातवीच्या मुलांस ‘लोगो’ शिकविण्यांत आली. थोड्याच काळानें तिच्यांत प्रसिद्ध ‘कांसव’ आलें. प्रथम तें जमिनीवर चालणारें खरोखरीचें यंत्र होतें, मागाहून पडद्यावर फिरणारें चिन्ह झालें. मुलानें आज्ञा द्यावी आणि कांसवानें रेघ ओढीत चालावें.

यांतील खुबी एका उदाहरणानें कळेल. ‘शंभर पावलें पुढें जा, नव्वद अंश उजवीकडे वळ’, हें चार वेळां केलें कीं चौकोन होतो. आतां समभुज त्रिकोण काढ म्हटलें, तर मूल साहजिकच साठ अंशांचें वळण देतें, कारण त्रिकोणाचा कोन साठ अंशांचा असें तें पाठ म्हणत आलेलें असतें. परंतु कांसव त्रिकोण न काढतां अर्धा षट्कोन काढून थांबतें! मूल स्वतः उठून जमिनीवर तशी पावलें टाकून पाहतें, तेव्हां त्यास उमगतें कीं, वळावयाचें तें बाहेरच्या कोनानें, म्हणजे एकशें वीस अंशांनीं. मग पांच बाजू, सहा बाजू, आठ बाजू असें करीत तें नियमाजवळ येऊन ठेपतें. बाजू ‘न’ असतील तर वळण ३६० ÷ न. हा ‘न’ त्यास कोणी फळ्यावर लिहून दिलेला नाहीं. दर वेळीं नवी आज्ञा लिहिण्याचा कंटाळा आला म्हणून त्यानें स्वतःच योजिला आहे. आणि चूक झाली तेव्हां कोणी रागें भरलें नाहीं. कांसव तेवढें भलतीकडे गेलें.

१९८० सालीं पॅपर्ट यांचें ‘माइंडस्टॉर्म्स’ हें पुस्तक निघालें आणि शाळाशाळांतून ‘लोगो’ची लाट आली. प्रोग्राम लिहिणारें मूल सर्वच बाबतींत अधिक विचारी होईल, अशी आशा लोक बोलून दाखवूं लागले. परंतु न्यूयॉर्क येथील बँक स्ट्रीट कॉलेजांत रॉय पी व मिडियन कर्लंड यांनीं मुलांची परीक्षा घेऊन १९८४ सालीं जे निबंध लिहिले, त्यांनीं या आशेवर पाणी पडलें. वर्षभर ‘लोगो’ केलेलीं मुलें कामाची आखणी करण्याच्या कसोटींत इतर मुलांहून सरस ठरलीं नाहींत. एका क्षेत्रांत मिळविलेलें ज्ञान दुसऱ्या क्षेत्रांत आपोआप वाहून जात नाहीं. कालव्याचें पाणी शेतांत यावयास पाट खणावाच लागतो.

नवी रीत

पाट कां खणला गेला नव्हता, याचें एक कारण भाषेंतच होतें. संगणकाच्या बहुतेक प्रचलित भाषांत ‘क्ष = क्ष + १’ अशी आज्ञा नित्य लिहितात. तिचा अर्थ ‘क्ष च्या डब्यांत जें आहे त्यांत एक मिळवून परत त्याच डब्यांत ठेव’ असा. संगणकाच्या दृष्टीनें तें योग्यच आहे; परंतु बीजगणितांत ‘क्ष = क्ष + १’ म्हणजे शुद्ध असत्य, कारण त्यांतून ० = १ निघतें. जें मूल बरोबरच्या चिन्हापाशीं आधींच अडखळलेलें आहे, त्यास अशा भाषेनें बीजगणित शिकवूं जाणें म्हणजे रोग वाढविणें होय.

अमेरिकेंतील ह्यूस्टन शहरीं राइस विद्यापीठांत माथियास फेलायझेन यांनीं १९९५ सालीं शाळांसाठीं जी चळवळ सुरू केली, तिनें या दोषावर बोट ठेविलें. त्यांनीं निवडलेल्या ‘स्कीम’ या भाषेच्या प्राथमिक रूपांत डब्यांची अदलाबदल नाहीं. तेथें प्रोग्राम म्हणजे बीजगणितांतलें फलनच: एक राशि आंत घालावी, नियमानुसार दुसरी बाहेर यावी, आणि तीच राशि पुन्हां घातली तर तेंच उत्तर पुन्हां मिळावें. याच परंपरेंत पुढें बॉस्टन येथें गणिताचे शिक्षक असलेले इमॅन्युएल शान्झर यांनीं ‘बूटस्ट्रॅप’ नांवाचा अभ्यासक्रम आरंभिला. ऱ्होड आयलंड राज्यांतील ब्राउन विद्यापीठाचे श्रीराम कृष्णमूर्ति व कॅथी फिस्लर हे त्यांचे सहकारी. बारा ते सोळा वर्षांच्या मुलांनीं स्वतःचा एक चित्रखेळ निर्माण करावा आणि त्यासाठीं लागेल तें बीजगणित शिकावें, ही त्याची योजना.

या पद्धतीचा गाभा म्हणजे शाब्दिक उदाहरण सोडविण्याची एक ठरलेली रीत. ती आम्ही आपल्या घरगुती उदाहरणानें सांगतों. गच्चीवरील टांकींत १००० लिटर पाणी आहे व नळ उघडा राहिल्यामुळें मिनिटास १२ लिटर वाहून जातें; अमुक मिनिटांनीं किती उरेल?

पहिली पायरी कराराची. नियमाचें नांव काय, आंत काय जाणार, बाहेर काय येणार? नांव ‘शिल्लक’, आंत मिनिटांची संख्या, बाहेर लिटरांची संख्या. गणित अद्याप सुरूच झालेलें नाहीं, पण प्रश्न काय आहे तें निश्चित झालें. दुसरी पायरी नमुन्यांची. मूल उत्तर न काढतां नुसती मांडणी करतें:

शिल्लक(१) = १००० − १२ × १
शिल्लक(५) = १००० − १२ × ५
शिल्लक(३०) = १००० − १२ × ३०

तिसऱ्या पायरींत या ओळी एकीखालीं एक ठेवून जें बदलतें त्याभोवतीं वर्तुळ काढावयाचें. १००० बदलत नाहीं, १२ बदलत नाहीं. बदलतात ते १, ५ व ३०. हे आंकडे कशाचे? मिनिटांचे. तर त्या जागीं ‘मिनिटें’ असें नांव लिहा, म्हणजे नियम तयार झाला: शिल्लक(मिनिटें) = १००० − १२ × मिनिटें.

वाचकांनीं येथें क्षणभर थांबून पाहावें. अक्षर आकाशांतून पडलेलें नाहीं. मुलानें तीन ओळी लिहिल्या, त्यांतील चल जागा त्याच्या डोळ्यांस दिसली, आणि त्या जागेस त्यानें नांव दिलें. भास्कराचार्यांचें ‘यावत्तावत्’ तें हेंच. मग ही ओळ संगणकांत घातली कीं तो आधींच्या नमुन्यांशीं ताडून पाहतो व चूक असेल तर तेथल्या तेथें सांगतो.

गंमत याच्याही पुढें आहे. एखादें खट्याळ मूल ८४ मिनिटें घालून पाहतें, आणि संगणक निमूटपणें उत्तर देतो: उणें ८ लिटर! टांकींत उणें पाणी कसें असेल? वर्गांत हंशा पिकतो. पण त्या हंशांतून एक गंभीर विचार निघतो. ८३ मिनिटें व २० सेकंदांनीं टांकी रिकामी झाली, त्यापुढें हा नियम लागूच नाहीं. प्रत्येक नियमास त्याचें राज्य असतें व त्या राज्यास सीमा असतात, ही गोष्ट आमच्या पिढीस कॉलेजांत व्याख्या म्हणून पाठ करावी लागली. हें मूल ती उणें पाण्यावरून शिकतें.

चित्रखेळाच्या ओघांत उरलेलें बीजगणितही असेंच येतें. ६४० ठिपके रुंद पडद्यावर पात्र कोठें आहे हें सांगावयाचें तर निर्देशक लागतात. तें पडद्याबाहेर गेलें कीं नाहीं हें ओळखावयाचें तर ‘शून्याहून कमी किंवा ६४० हून अधिक’ अशी असमानता लिहावी लागते. नायक (५०, ९०) वर व राक्षस (२०, ५०) वर असतां दोघांची टक्कर झाली कीं नाहीं, हें कसें ठरवावें? आडवें अंतर ३०, उभें अंतर ४०; त्यांच्या वर्गांची बेरीज ९०० + १६०० = २५००; म्हणून सरळ अंतर ५०. पायथागोरसाचा सिद्धांत तेथें परीक्षेसाठीं नसून राक्षसासाठीं आहे, आणि म्हणूनच त्याचा विसर पडत नाहीं.

फळ आणि मर्यादा

आतां खरा प्रश्न. या सर्वांचा उपयोग कागदावरच्या बीजगणितास होतो काय? ‘बूटस्ट्रॅप’च्या प्रवर्तकांनीं २०१५ सालीं जो निबंध प्रसिद्ध केला, त्यांत फलनांवरील शाब्दिक उदाहरणें सोडविण्यांत या विद्यार्थ्यांची प्रगति झालेली आढळली. उलट इंग्लंडमध्यें ‘स्क्रॅच’ या लोकप्रिय चित्रभाषेच्या आधारें दहा वर्षांच्या आसपासच्या मुलांसाठीं ‘स्क्रॅचमॅथ्स’ नांवाचा प्रयोग शंभराहून अधिक शाळांत झाला. त्याचें तटस्थ मूल्यमापन २०१८ सालीं बाहेर आलें. मुलांची संगणकीय विचारशक्ति पहिल्या वर्षाअखेर वाढलेली दिसली. परंतु दुसऱ्या वर्षाअखेरच्या गणिताच्या परीक्षेंतील गुणांत फरक आढळला नाहीं.

दोन्ही निष्कर्ष डोळ्यांपुढें ठेवून आमचें मत असें आहे कीं, नुसता प्रोग्राम शिकविल्यानें बीजगणित येत नाहीं. भाषा बीजगणिताशीं जुळणारी असावी लागते, शिक्षकास दोन्ही विषय यावे लागतात, आणि संगणकावर केलें तें व वहींत केलें तें एकच आहे, हें प्रत्येक पायरीस बोलून दाखवावें लागतें. प्रवर्तकांचा स्वतःचा निबंध आणि तटस्थ परीक्षकांचा अहवाल यांचें वजन सारखें नसतें, हेंही सुज्ञ वाचक ध्यानांत घेतीलच.

शिवाय बीजगणिताचा कांहीं भाग या पद्धतीच्या आटोक्याबाहेर आहे. प्रोग्राम पुढें चालतो: मिनिटें द्या, पाणी सांगतो. समीकरण मागें चालावयास सांगतें: ४०० लिटर उरलें, तर किती मिनिटें झालीं? त्यासाठीं समीकरणाच्या दोन्ही बाजूंवर क्रिया करण्याचें कसब हातानेंच कमवावें लागतें. अवयव पाडणें, वर्गसमीकरणें सोडविणें यांसही तेंच लागू. सिद्धतेचें तर विचारूंच नये. ‘(अ + ब)² = अ² + ब²’ ही मुलांची आवडती चूक संगणक क्षणांत उघडी पाडतो: ३ व ४ घाला, एकीकडे ४९ येतात, दुसरीकडे २५. परंतु खोटें पाडणें वेगळें आणि खरें ठरविणें वेगळें. ऑयलर या गणितीनें दाखविलेली ‘न² + न + ४१’ ही राशि घ्या. न च्या जागीं ० पासून ३९ पर्यंत कोणतीही संख्या घातली तरी उत्तर मूळ संख्याच येतें. चाळीस वेळां खरें ठरलेलें पाहून कोणाचाही विश्वास बसेल. पण न = ४० घालतांच १६८१ येतात, आणि ते ४१ × ४१ आहेत. संगणक साक्षीदार उत्तम आहे, न्यायाधीश नव्हे.

कोणी असेंही विचारील कीं, २०२२ सालापासून बोलके संगणक स्वतःच प्रोग्राम लिहून देऊं लागले आहेत, मग मुलांनीं हे कष्ट कां करावे? शाब्दिक उदाहरणाचें समीकरणही तो संगणक लिहून देतो. परंतु तें ‘व = ६प’ आहे कीं ‘६व = प’, हें ज्यास ओळखतां येत नाहीं, तो त्या यंत्राचा धनी न राहतां आश्रित होईल. चालण्याचा व्यायाम आपण मोटारी आल्या म्हणून सोडला नाहीं.

आपल्या घरीं काय करावें?

भारत सरकारच्या २०२० सालच्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणांत गणिताबरोबर संगणकीय विचारपद्धतीवर भर देण्याचें व सहावी ते आठवीच्या टप्प्यावर प्रोग्राम-लेखनाच्या कृति आणण्याचें म्हटलें आहे. परंतु सरकारी कागद आणि मुलाची वही यांत पुष्कळ अंतर असतें, आणि तें अंतर सध्यां खाजगी शिकवण्यांनीं भरून निघत आहे. तेव्हां पालकांनीं कोणत्याही वर्गास मूल घालण्यापूर्वीं दोन प्रश्न अवश्य विचारावे. मूल येथें स्वतः नियम रचणार आहे, कीं तयार तुकडे जोडून चित्रें हालविणार आहे? आणि त्याच्या शाळेंतील गणिताशीं या वर्गाचा संबंध कोण, केव्हां व कसा जोडून देणार? या दोहोंचें समाधानकारक उत्तर न मिळाल्यास पैसे गांठीस ठेवावे.

ज्या घरीं संगणक नाहीं, त्यांनीं निराश होण्याचें कारण नाहीं. या रीतीचा सर्वांत मौल्यवान भाग कागदावरच होतो. दळणाचा हिशेब, रिक्षाचें भाडें, दुधाचें बिल, कोणतेंही उदाहरण घ्यावें. मुलास आधीं करार लिहावयास सांगावें, मग तीन नमुने उत्तर न काढतां मांडावयास लावावे, बदलणाऱ्या जागेस वर्तुळ काढावयास लावावें आणि तिला नांव त्यालाच ठेवूं द्यावें. नंतर घरांतील कोणी तरी ‘संगणक’ व्हावें: आजोबांनीं, ताईनें किंवा खुद्द आईनें. मुलानें लिहिलें असेल तेवढेंच, अक्षरशः तसेंच, आपली अक्कल न वापरतां करावें. नियमांत खोट असेल तर आजोबांच्या तोंडून उणें पाणी बाहेर पडेल, आणि मूल स्वतःच पेन्सिल घेऊन दुरुस्तीस धांवेल. त्या वेळीं उत्तर सांगण्याचा मोह मोठ्यांनीं आवरावा. त्यांत मुलाचें हित आहे, आणि तो आवरणें हेंच या सर्व पद्धतींतलें कठीणांत कठीण काम आहे.